गुरुजींना फ्लॅट लागला

"सुधा, माझा दूरचा चष्मा दे," दत्तात्रय बोडखे गुरुजी गच्चीवरून ओरडले. चष्मा वर पोहोचायच्या आतच त्यांनी समोरचा बोर्ड उघड्या डोळ्यांनी वाचून टाकला. राग आला की गुरुजींची नजर सुधारते. भाषा मात्र बिघडते. सदतीस वर्षं शाळेत घासूनपुसून ठेवलेली पुस्तकी मराठी रागाच्या पहिल्या मिनिटाला गळून पडते आणि खालून मोहगावची अस्सल बोली वर येते.

"अल्प आय वर्ग आवास," त्यांनी वाचलं. "म्हणजे कमी कमाईवाल्यांची घरं. शहाण्णव फ्लॅट. अबे, काय करून राहिले हे लोक?"

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याबाहेर सौंसर रोडला बिझनेस पार्क झाला, तेव्हापासून पार्क आणि आदर्श कॉलनी यांच्या मधल्या जागेत चार मजली इमारत चढत होती. ती चढत होती तोपर्यंत कॉलनीला तिचं केवढं कौतुक. पार्कातले इंजिनीअर राहायला येणार, कॉलनीला भाव येणार, कोपऱ्यावर पिझ्झाचं दुकान निघणार, सगळं ठरलेलं होतं. इमारतीला पिस्ता रंग लागला तेव्हा गुरुजी स्वतः जाऊन रंगाऱ्याला "उत्तम, उत्तम" म्हणून आले होते. आता इमारत तीच, पिस्ताही तोच. फक्त कपाळावर बोर्ड लागला, आणि कॉलनीला तिच्यात डास, चोऱ्या, भांडणं आणि लाऊडस्पीकर दिसायला लागले. आत अजून एक माणूस राहायला आलेला नव्हता.

संध्याकाळी गुरुजींच्याच अंगणात बैठक बसली. कॉलनी समितीचे अध्यक्ष भाऊराव, कापसाचे व्यापारी, खुर्चीत मावत नव्हते. थोडे देहाने आणि बरेच संतापाने.

"आपल्या खिडकीतून त्याईचे वाळत घातलेले कपडे दिसतीन," ते म्हणाले.

"आन त्याईच्या खिडकीतून आपले," विमा एजंट नितीनने भर घातली. "थे जास्त वाईट."

गुरुजींची नात गायत्री चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिचे आईबाबा नोकरीला छिंदवाड्याला, म्हणून ती आजी-आबाजींकडे राहून अकरावी शिकत होती. नुकतंच तिने शाळेच्या वादविवादात पहिलं बक्षीस मिळवलं होतं आणि तेव्हापासून घरातल्या कुठल्याही वाक्याला ती खाली पडू देत नव्हती.

"पण काका, पार्कात काम करणाऱ्यांनी राहायचं कुठं मग?"

"जिथून येऊन राहिले तिथंच."

"तिगाववरून? गाडी लेट झाली की त्यांचा अर्धा दिवस कापतात."

"पोट्टे, चहा दे आन अभ्यास कर," भाऊराव म्हणाले.

गायत्रीने चहा दिला. भाऊरावांच्या कपात साखर घातली नाही.

तिला तिगावच्या गाडीचं वेळापत्रक पाठ होतं, कारण तिच्या बाकावर शीतल बसत असे. शीतलची आई शांताबाई बिझनेस पार्कच्या कँटीनमध्ये दीडशे माणसांच्या पोळ्या करायची. पहाटे तिगावहून निघायची, आणि रुळावर काही अडलं की दुपारपर्यंत फलाटावर बसून राहायची. महिन्यातून चार वेळा तरी हे व्हायचंच. या फ्लॅटच्या सोडतीत शांताबाईचा नंबर लागला होता. शहाण्णवपैकी शहाण्णवावा. शीतलने त्या दिवशी वर्गात पेढे वाटले होते आणि मागच्या दोन बाकांना पुरले नाहीत म्हणून स्वतःचा अर्धा तोडून दिला होता.

आणखी एक गोष्ट. शांताबाई मूळची मोहगावची. पाचवीत गुरुजींच्याच वर्गात होती. "अक्षर काय होतं पोरीचं," असं गुरुजी अजूनही म्हणत. अक्षरावर त्यांचा राग नव्हता. ते अक्षर शेजारी राहायला येणार म्हटल्यावर मात्र ते म्हणाले, "ते वेगळं."

बैठकीत ठरलं की गुरुजींनी भोपाळच्या तक्रार हेल्पलाईनवर शिकायत टाकायची, कारण कॉलनीत हिंदी सगळ्यांना बोलता येते, पण लिहिता फक्त गुरुजींना येते. मोबाईलवरचा अर्ज भरायला त्यांनी गायत्रीला बोलावलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी नाही भरणार, आबाजी. शीतलचं घर आहे त्यात."

"कोणाच्या घराचा प्रश्न नाही. जनहिताचा आहे."

"जन म्हणजे आपली कॉलनीच काय?"

"फोन इकडे आण."

गुरुजींनी मग एका बोटाने अकरा वाक्यं टाईप केली. 'अत्यंत खेदपूर्वक'ने सुरुवात, 'घोर अन्याय'ने शेवट. अर्जाने पुढे विषय विचारला. आवास या खात्यात तीनच पर्याय होते: आवास मिळाले नाही, आवासाचा हप्ता मिळाला नाही, आवासाचे छत गळते. 'आमच्या शेजारी दुसऱ्याला आवास मिळत आहे' असा पर्याय सरकारला सुचलेलाच नव्हता.

"आबाजी, यात तुमचं काहीच बसत नाही," गायत्री त्यांच्या खांद्यावरून म्हणाली.

"दाबतो पहिला. खाली मजकूर लिहिलाय ना सगळा. वाचता येते त्याईले."

लिहिलेलं कोणीतरी वाचतं, ही मास्तरांची आयुष्यभराची समजूत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या हजारो वह्यांनी ती कधी मोडली नाही, कारण त्या वह्या ते खरोखर वाचत.

मग अर्जाने कुटुंबाचा सरकारी क्रमांक मागितला. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक असतो, त्याला समग्र म्हणतात. गुरुजींनी तो डोळे मिटून घातला. मोहगावच्या शाळेत असताना त्या नोंदणीचं काम त्यांच्याकडेच होतं. बाकीच्या मास्तरांना फॉर्म कसा भरायचा ते दाखवायला त्यांनी पहिला फॉर्म नमुना म्हणून स्वतःच्या नावाने भरला होता. पटकन समजावं म्हणून सोपा ठेवला: सदस्य एक, पक्के घर नाही. त्या नमुन्यावर 'नमुना' लिहायचं राहून गेलं आणि तोही गठ्ठ्याबरोबर सरकारात जमा झाला. घरचे बाकी सगळे त्यांच्या बायकोच्या, सुधाबाईंच्या, क्रमांकात होते. गुरुजी इतकी वर्षं मोहगावात एकटे आणि बेघर होते, त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता.

शेवटी स्थळाचा फोटो हवा होता. भर दुपारी गुरुजी प्लास्टिकची खुर्ची आणि काळी छत्री घेऊन इमारतीसमोरच्या मैदानात जाऊन निषेध म्हणून बसले. फोटो नितीनने काढला. गुरुजींचा क्रोध नीट यावा म्हणून तो इतका जवळ गेला की इमारत फोटोतून निघूनच गेली. उरलं मोकळं मैदान, एक खुर्ची, एक छत्री आणि उन्हाने डोळे पाणावलेला म्हातारा.

चार दिवसांनी आवास शाखेतल्या अनिलबाबूचा फोन आला. तक्रार ज्या बाबूच्या टेबलावर असते, तिने मुदत ओलांडली की नोटीस त्याच बाबूला मिळते. त्यामुळे अनिलच्या आवाजात आधीपासूनच रडू होतं.

"गुरुजी, शिकायत बंद करून टाका ना. पुढच्या सोडतीत पाहू."

"पुढच्या नाही. याच वेळी झालं पाहिजे," गुरुजी कडाडले. "नाहीतर भोपाळपर्यंत जातो. माझ्या जिवंतपणी हा अन्याय चालू देणार नाही. तुम्ही शिकायत वाचली का?"

"वाचली, वाचली," अनिल म्हणाला. त्याने फोटो पाहिला होता.

तक्रार एक पायरी वर चढली. मग आणखी एक. प्रत्येक पायरीला वरच्या साहेबाने अनिलला झापलं, "एक बेघर बुजुर्ग मैदानात बसून राहिला आणि तू काय करून राहिला?" कॉलनीत गुरुजींची कॉलर ताठ झाली. भाऊरावांनी लोकांना सांगितलं की भोपाळ हादरून राहिलं आहे. हादरत होता तो एकटा अनिल.

शेवटी तो पडताळणीला स्वतः आला. गुरुजी बँकेत गेले होते. दार सुधाबाईंनी उघडलं. आदल्या दिवशी गुरुजींनी बैठकीला चौदा माणसं न सांगता जेवायला ठेवून घेतली होती, त्यामुळे सुधाबाईंची मनःस्थिती सरकारी चौकशीला फार अनुकूल होती.

"हे घर कोणाचं, काकू?"

"माह्यं. रजिस्ट्री माह्या नावानं आहे." बायकोच्या नावावर रजिस्ट्री स्वस्तात होते, म्हणून अख्ख्या आदर्श कॉलनीची घरं बायकांच्या नावावर होती.

"मग गुरुजी?"

"राहते इथंच."

"त्यांचं स्वतःचं काही?"

"एक खुर्ची आहे. आन छत्री."

अनिलने कागदावर लिहिलं: अर्जदार पत्नीच्या घरी आश्रित. आणि अनेक दिवसांनी त्याला भूक लागली.

शनिवारी अनिल परत आला तो किल्ली, प्रमाणपत्र आणि झेंडूचा हार घेऊन. कॉलनी विजयसभेसाठी जमलेली होती. हार गुरुजींच्या गळ्यात पडला, टाळ्या झाल्या, आणि मग अनिलने प्रमाणपत्र वाचलं. तिसरा मजला, फ्लॅट क्रमांक शहाण्णव, श्री दत्तात्रय बोडखे, आवासहीन.

टाळ्या हळूहळू थांबल्या. मागच्या रांगेत एक जण उशिरा आला होता, तो थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला.

"मी घर मागितलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा जांभळा झाला होता. "मी म्हणत होतो घरं देऊ नका."

अनिलने पहिल्यांदाच ती अकरा वाक्यं वाचली. वाचता वाचता तो ओट्यावर बसला. "गुरुजी, पण हे लिहायची जागा नाही ना ही. इथं कोणी पाहतच नाही."

"आणि शहाण्णव तर शांताबाईंचा होता," गायत्री म्हणाली. तिचा आवाज एवढा शांत होता की आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "त्यांचं काय?"

"त्या आता वेटिंगमध्ये पहिल्या," अनिल म्हणाला. "शिकायतवाल्याला आधी द्यावं लागते." मग त्याने हात जोडून समजावलं. सोमवारी दुपारी भोपाळहून फोन येईल. गुरुजींनी 'संतुष्ट' म्हटलं की शिकायत बंद, मग फ्लॅट परत केला तर तो शांताबाईंना मिळेल, पण या इमारतीबद्दल पुन्हा शिकायत घेणार नाहीत. 'नाही' म्हटलं तर फाईल अजून वर जाईल आणि निकाल लागेपर्यंत शहाण्णवला कुलूप राहील.

"कुलूपच पाहिजे," गुरुजी म्हणाले. "आज एकाले, उद्या पंच्याण्णवाले. मी काही संतुष्टबिंतुष्ट नाही."

अनिल गेल्यावर भाऊराव खुर्ची ओढत जवळ आले. आवाज एकदम मऊ. "गुरुजी, कुलूप काहून? घेऊन टाका ना. माह्या दिवाणजीले राहायले होईल."

"भाऊराव, आपण विरोधात आहोत."

"आहोच ना. पण भेटून राहिलं तं काय फेकता का?" मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "माही रजिस्ट्रीबी बायकोच्याच नावानं आहे. थे पर्याय कोणता दाबला होता तुम्ही?"

नितीनने खिशातून पेन काढला.

गायत्री ट्रे आपटून आत गेली. सोमवारी सकाळी शाळेत शीतल दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती. गायत्रीने तिच्याजवळ जाऊन "ऐक ना" म्हटलं, तर शीतल पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आई दोन दिवस जेवली नाही. माणूस अनोळखी असता तर शिव्या तरी दिल्या असत्या तिनं. गुरुजी आहेत म्हणून थेबी करता येत नाही." मधल्या सुट्टीत पोटात दुखतं असं सांगून गायत्री घरी आली, आणि आल्या आल्या तिने सगळं आजीला सांगितलं. भांडी घासता घासता सुधाबाईंनी ऐकलं, हात धुतले, पदराला पुसले आणि त्या बाहेर अंगणात गेल्या. गुरुजी फोन समोर ठेवून बसले होते.

"उठा," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"सरकारनं तुमाले घर देलं ना? मंग माह्या घरात काहून बसून राहिले? घ्या तुमची खुर्ची."

"सुधा, लोक काय म्हणतील?"

"आश्रित म्हणतीन. कागदावर लिहिलंच आहे."

गुरुजी ताठ माणूस. खुर्ची उचलली, किल्ली घेतली, फोन खिशात टाकला आणि भर कॉलनीतून चालत निघाले. खिडक्या उघडल्या, पडदे हलले. गायत्री मागोमाग गेली, कारण आबाजींना तीन मजले चढल्यावर धाप लागते आणि तिचा राग अजून संपलेला नव्हता, तो जवळून द्यायचा होता.

शहाण्णव क्रमांकात दोन खोल्या होत्या, मोरी होती, आणि खिडकीतून अख्खी आदर्श कॉलनी दिसत होती. गुरुजी खुर्ची टेकवून बसले. इथून पाहिल्यावर दिसलं की भाऊरावांचं कुंपण रस्त्यात चार हात पुढे आलं आहे, नितीनच्या मोरीचं पाणी थेट मैदानात सुटलं आहे, आणि प्रत्येक गच्चीवर कपडे वाळत आहेत. गुरुजींचा भोकाचा बनियनही होता. ते दुसरीकडे बघायला लागले.

दारात कोणीतरी थबकलं. हातात दोरी घेतलेली शांताबाई. कँटीनची सुट्टी झाली होती.

"गुरुजी? तुम्ही इथं?" तिने पटकन चपला बाहेर काढल्या. "माफ करा, दार उघडं दिसलं. मले वाटलं रिकामं आहे. स्वयंपाकाच्या ओट्याचं माप घ्यायचं होतं."

"माप कशाले?" गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.

"उंची कमीजास्त असली की पोळ्या लाटता लाटता कंबर धरते. वेटिंगमधून आमचा नंबर आला असता तं..." ती थांबली. खोलीत नजर फिरवली. एक खुर्ची, घामाघूम गुरुजी. शांताबाईचा चेहरा एकदम बदलला, आणि त्यावर जे आलं ते पाहून गायत्रीला पळून जावंसं वाटलं. ती दया होती.

"आमाले माहीत नव्हतं गुरुजी, तुमाले घर नाही म्हणून," शांताबाई हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या नावावर लागलं हे ऐकलं तेव्हा लय राग आला होता, खोटं काहून सांगू. आता पाहून राहिली मी. काकूनं काढलं का घरातून?"

"नाही, म्हणजे..." गुरुजी म्हणाले. "म्हणजे, हो. आजच्यापुरतं."

"असू द्या. राहा तुम्ही. आमचं पुढच्या वेळी पाहू, गाडी आहेच." तिने पिशवीतून डबा काढून खुर्चीशेजारी ठेवला. "पोळी-भाजी आहे. उपाशी नका राहू. म्हाताऱ्या माणसाले उपास सोसत नाही."

गुरुजींना आयुष्यात बऱ्याच लोकांनी बरंच काही म्हटलं होतं, पण ज्याचं घर आपण घेतलं त्याने आपल्याला डबा द्यावा, हे त्यांच्या रागाच्या सगळ्या अनुभवापलीकडचं होतं. त्यांना कोणावर तरी ओरडायचं होतं. समोर ओरडण्यासारखं कोणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. गायत्रीने उचलून स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, भोपाल से बोल रही हूँ। आपकी शिकायत पर कार्रवाई हो चुकी है। क्या आप संतुष्ट हैं?"

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली मैदानात भाऊराव आणि दोघेचौघे मोबाईल घेऊन उभे होते आणि दुसरी एक खुर्ची आणि छत्री मांडून नितीन एकेकाचा फोटो काढत होता. भाऊराव चेहरा दुःखी करायचा प्रयत्न करत होते. तो होत नव्हता.

"हो," गुरुजी म्हणाले.

"जी, हिंदी में बताइए। हाँ या नहीं?"

"हाँ," गुरुजी गरजले. "संतुष्ट हूँ। बहुत संतुष्ट हूँ। जितना संतुष्ट आज हूँ, उतना बाप जनम में नहीं था। लिखो."

रिकाम्या इमारतीत 'लिखो' चार मजले फिरून आलं. पलीकडची बाई घाबरून "धन्यवाद, आपका दिन शुभ हो" म्हणाली आणि फोन बंद झाला. खाली भाऊरावांनी वर पाहिलं.

"घे," गुरुजींनी शांताबाईच्या हातात किल्ली ठेवली. "फ्लॅट नको म्हणून अर्ज आजच देतो. आणि ओटा उंच आहे, पायाखाली पाट घे."

"पण तुम्ही कुठी जासान, गुरुजी?"

"माझं बघतो मी," ते म्हणाले. सुधाबाईंनी त्या संध्याकाळी त्यांना घरात घेतलं, पण अंगणात पाऊण तास उभं ठेवून.

महिन्याभरात इमारत भरली. डास होते तेवढेच राहिले. भाऊराव आणि मंडळींच्या शिकायती फेटाळल्या गेल्या, कारण त्यांच्या क्रमांकांत बायकामुलं, घर, सगळं होतं. मग समितीने एक नवीन गोष्ट केली. इमारतीकडून कॉलनीतून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोखंडी गेट बसवलं: 'खाजगी रस्ता, बाहेरच्यांना मनाई.' रस्ता खाजगी नव्हता. फ्लॅटवाल्यांना आता पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तासाचा वळसा पडायला लागला. गुरुजींना समितीने बैठकीलाही बोलावलं नाही.

रविवारी सकाळी शांताबाई आणि शीतल गुरुजींच्या दारात आल्या. शीतलने आत येताना गायत्रीच्या पाठीत एक धपाटा घातला, म्हणजे बोलणं सुरू झालं होतं.

"गुरुजी, गेटची शिकायत भरली आम्ही," शांताबाई म्हणाली. "रस्त्याच्या खात्यात, बरोबर पर्याय पाहून. फक्त कॉलनीतला एक साक्षीदार मागून राहिले. कोणी सही देत नाही."

गुरुजींनी कागद घेतला. अक्षर अजूनही सुरेख होतं. त्यांनी एकही चूक काढली नाही, सगळं दोनदा वाचलं, आणि भाऊरावांच्या नावाशी आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी सही केली, ती एवढ्या जोरात की पेन कागदातून आरपार गेला आणि कागद उभा फाटला.

शांताबाईने पिशवीत हात घातला. तिने दुसरी प्रत आणली होती.